भागवतच्या जोडीला

पहिली काठी भागवतच्या पाठीवर बसली तेव्हा विजयमालाला बरं वाटलं.

खोटं कशाला बोला. बरंच वाटलं. मागच्या साली झरीला हाच भागवत काठी घेऊन आला होता. प्रार्थना चालवणाऱ्या आश्रुबाच्या, तिच्या नवऱ्याच्या डोक्यात त्यानंच घातली होती. तेव्हापासून आश्रुबाची जीभ जड. येशूचं नाव घ्यायला जातो, तर लाळ येते, शब्द येत नाही.

पुढं भागवतच रडत प्रार्थनेला येऊन बसला. आश्रुबानं त्याला मिठी मारली. माफ केलं. तिला कुणी विचारलंच नाही.

आणि रविवारी, सेलूच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, मंडळीतल्या दिनकररावांनी खेड्याखेड्यांत पाठवायच्या जोड्या लावल्या. तिच्या डोक्यावर हात ठेवला. “आश्रुबाच्या जागी तू जा, बाई. जोडीला भागवत.”

दुसरी काठी.

सकाळी टमटममध्ये तो तिच्यासमोर अंग चोरून बसला होता. जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलणारा गडी, आवाज मात्र बारीक.

“वयनी, मार पडाया लागला की खाली बसायचं. डोस्कं गुडघ्यात घालायचं. पाठीवर घ्यायचं.”

“तुला बरं म्हाईत.”

“मीच हाणीत होतो नं. जे उभे राह्यले, त्येंचीच डोस्की फुटली.”

“आमचे हे उभे होते.”

“व्हय,” भागवत म्हणाला. वालूर आलं तसे दोघं उतरले.

तिसरी, की चौथी. मोजणं सुटलं.

चौघं आले होते, दोन मोटारसायकलींवर. पुढं शिवशंकर, भागवतचा जुना दोस्त. ज्या चांगुणाबाईनं नातवासाठी प्रार्थना करा म्हणून निरोपावर निरोप धाडले होते, ती आपल्याच दाराच्या चौकटीत उभी राहून ओरडत होती, “म्या न्हाई बोलावलं! आपल्याआपणच आले हे! म्या न्हाई!”

“भागवत्या,” शिवशंकर म्हणाला, “झरीला संगं गेलतो की रं आपण.”

“गेलतो.”

“मंग?”

“मंग काय. तवा तिकडून होतो, आता हिकडून हाय.”

एकजण हसला. शिवशंकर नाही हसला. त्यानं भागवतच्या तोंडावर लाथ घातली. चुलीवरचं चहाचं पातेलं लवंडलं, राख उडाली. भागवतनं दात थुंकला आणि परत डोकं गुडघ्यात घातलं.

“हात उचल. येक डाव उचल. तुझ्यातला मर्द दिसू दे, सोडतो तुला.”

भागवतनं हात पायांखाली दाबून धरले. तो चौघांना एकटा पुरला असता. चौघांनाही ते ठाऊक होतं, म्हणून तर ते जास्तच चेकाळले. पाठ. बरगडी. पुन्हा तीच बरगडी. काहीतरी कडकन वाजलं.

आता विजयमालाला बरं वाटत नव्हतं. कधी थांबलं ते, कळलंही नाही.

“पुरं करा रे! मरंल तो!”

शिवशंकर वळला. “आन् ही कोण? ह्याच्या टाळक्यात हे हिनंच भरलं काय?” त्यानं तिच्या झिंज्या धरल्या आणि कानाखाली ओढली. कपबशी फुटली. विजयमाला भिंतीवर आदळली, आणि त्यानं काठी उचलली, ती तिच्यासाठी.

तेव्हा भागवत उभा राहिला.

नुसता उभा राहिला, दोघांच्या मधे. हात खालीच.

“हाण की रं!” विजयमाला किंचाळली. “हाण त्याला! हात मोडले का तुझे?”

काठी त्याच्या टाळूवर बसली. फुटली. काठीही फुटली.

रक्त इतकं आलं की बाकीचे तिघं मागं सरकले. “लय झालं, शिवा. चल. मरंल बिरंल हितं.” मोटारसायकल चालू झाली. शिवशंकर एकटाच मागं राहिला. त्याचा मोबाइल खिशातून पडला होता, तो उचलायला वाकला. तिच्या पायाशीच वाकला. डोक्याचा मधला भाग दिसत होता, तेल लावलेला, भोवऱ्याचा.

चुलीचा दगड तिच्या हातात कधी आला, तिला सांगता आलं नसतं. तापलेला होता. तेही तिला कळलं नाही. तिनं तो दोन्ही हातांनी डोक्यावर नेला.

मनगटावर ओली, चिकट बोटं आली. भागवतची. डोळे रक्तानं मिटलेले, चाचपडतच आला होता.

“टाका, वयनी.”

“सोड मला.”

“टाका.”

“सोड म्हंते! तुझ्यासाठी न्हाई हे. आमच्या ह्यांच्यासाठी हाय.”

“तेच सांगायलोय.” त्याचा श्वास घरघरत होता. “हाणल्याचा आवाज जात न्हाई, वयनी. झोपलं तरी येतोय. मला आजबी येतोय.”

शिवशंकरनं मान वर केली. डोक्यावरचा दगड पाहिला, आणि तो अडवून धरणारे हात पाहिले. तो हलला नाही.

कुणाला हाणल्याचा आवाज, हे तिनं विचारलं नाही.

दगड बाजूला, राखेत पडला. तळहातांची साल त्याच्याबरोबर गेली, आणि तेव्हा कुठं तिला भाजल्याचं कळलं.