गुरुवारची खिडकी

“दर गुरुवारी हीच रड,” रोंडा पुटपुटली. गाडीत दोघीच होत्या, तेव्हा ते इर्माला ऐकू जावं म्हणूनच पुटपुटलं होतं, हे उघड होतं.

“रडतेस कशाला? गाडी चालव. पुढे ट्रॅक्टर आहे.”

“दिसतोय मला.”

“दिसतोय तर हळू कर.”

“लायसन्स तुमचं गेलंय इर्मा, माझं नाही.”

इर्मा खुदकन हसली आणि ब्रेक नसलेल्या बाजूला बसूनही तिने पाय दाबलाच.

लायसन्स गेलं ते एल्डनमुळे. गाडीचा विमा नवराच बघायचा, आणि नवरा गेला तसा त्याच्यामागोमाग विमाही संपला. इर्माच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. गाडीचा मागचा दिवा गेलाय म्हणून शेरीफच्या माणसाने थांबवलं, विमा दाखवा म्हणाला, आणि इर्माने मोठ्या ऐटीत मेलेल्या विम्याचा कागद काढून दिला. झालं. राज्याने लायसन्स थांबवलं.

आता नवा विमा काढून झाला होता, दंडही भरून झाला होता. विमा कंपनीने ‘या बाईंचा विमा आहे’ असं थेट राजधानीत कळवायचं, एवढंच बाकी होतं. ते पोचलं की नाही, हे कोर्टाच्या इमारतीतल्या खिडकीवर कळायचं. आणि ती खिडकी फक्त गुरुवारी उघडायची. बाकीचे दिवस तिथला माणूस इतर गावांच्या खिडक्या उघडत फिरायचा.

रोंडा इर्माची सून. म्हणजे, होती. इर्माचा मुलगा डग डेन्व्हरला निघून गेला, घटस्फोट झाला, आणि दोघींना एकमेकींकडे जायचं काही कारणच उरलं नाही. मग हे लायसन्सचं प्रकरण उपटलं. गावाला बस नाही. रोंडाने आपणहून फोन केला होता, “मी नेईन तुम्हाला. पण काम झालं की मी सुटले हं.”

“मीही सुटले,” इर्मा म्हणाली होती.

इर्माला गाडी हवीच होती. एल्डनची ब्यूक गाडी ती रोज सकाळी मऊ फडक्याने पुसायची. रविवारी चर्चच्या दारात स्वतः गाडी लावून, किल्ली बोटात फिरवत उतरायचं, हे तिने सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. रोंडाच्या मागे तिच्या कामावरची, दवाखान्यातली मोठी नर्स लागली होती, गुरुवारची पाळी घे म्हणून. तिला रोंडा दर आठवड्याला सांगायची, “म्हातारीचं लायसन्स झालं की घेते.”

पण होत नव्हतं. खिडकीवर मर्ल असायचा. इर्मा दिसली की तो स्क्रीनकडे न बघताच मान हलवायचा. “नाही हो आलं. पुढच्या गुरुवारी बघू.” मग इर्मा विमा कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, रोंडा त्यात आठवी घालायची, आणि दोघी समोरच्या कॅफेत जाऊन बसायच्या. घेवड्याची तिखट चिली आणि तीत बुडवायला दालचिनीचा रोल. रोल एकच घ्यायचा, आणि मधला मऊ भाग कोणाचा यावर भांडायचं.

“आज मर्ल नाही म्हणे,” गाडी लावता लावता रोंडा म्हणाली. “कुणी नवीन बाई आल्यात.”

“तुला कुणी सांगितलं?”

“दवाखान्यात सगळं कळतं.” तिने आरशात केस ठीक केले. “नवीन माणूस उत्साही असतो. आज होईल तुमचं.”

“झालंच पाहिजे,” इर्मा म्हणाली. “किती दिवस तुझं हे ड्रायव्हिंग सोसायचं?”

“आणि मी तुमचं बोलणं?”

पायऱ्या चढताना मात्र रोंडाने तिचा हात धरला, आणि इर्माने तो धरू दिला.

नवीन बाई गोलमटोल, हसऱ्या. चष्मा साखळीने गळ्यात लटकवलेला. रोंडा मागे भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसली आणि तिने शिकारीचं एक मासिक उघडलं. इर्मा एकटीच खिडकीशी उभी राहिली. तिने नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. बाईंनी चष्मा चढवला, बटणं दाबली, आणि त्यांचा चेहरा फुलला.

“अहो, हे तर—”

“हळू!” इर्माने तोंड काचेच्या भोकाला लावलं. “हळू बोला.”

“पण आनंदाची बातमी आहे! तुमचं लायसन्स ईस्टरपासूनच सुरू आहे.”

“ठाऊक आहे मला. काल मीच गाडी चालवत बाजार करून आले.” इर्माने मागे पाहिलं. रोंडाने पान उलटलं. “ती बाकावर बसलीय ना, तिला कळता कामा नये. कळलं तर ती गुरुवारची पाळी घेईल. तुम्ही जरा चेहरा पाडा, आणि तिला ऐकू जाईल असं म्हणा, नाही आलं.”

“मी खोटं बोलू? सरकारी खिडकीवर?”

“मर्ल बोलायचा. दर गुरुवारी. आणि किती छान बोलायचा!”

बाईंनी चष्मा काढला. इर्माकडे पाहिलं, मग बाकाकडे, मग पुन्हा इर्माकडे.

“अहो, म्हणजे सकाळी मला फोन केला तो त्यांनीच! नाव नीट ऐकू आलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “म्हणाल्या, लायसन्स सुरू झालंय हे काहीही करून आमच्या आईंना कळू देऊ नका.”