तसूभर

"तू बस. राखीव मुलीला पाठवतो," दादा म्हणाला.

"पाठवून तर बघ," असं म्हणत ती बॅट उचलून चालूही लागली.

दादा तिचा सख्खा मोठा भाऊ, शिवाय छापखान्याच्या बेसबॉल संघाचा प्रशिक्षक. डाफरायचा हक्क दुप्पट. शेवटचा डाव होता, दोघी बाद झालेल्या, तिन्ही बेसवर छापखान्याच्याच मुली. एक धाव आली की सामना खिशात.

"आज पाय मागे गेला, तर उद्यापासून बॅट बंद!" तो सगळ्यांसमोर ओरडला. "बाकावर बसून स्कोअर लिहायचा."

गेल्या वर्षी एक चेंडू तिच्या बरगडीत बसला होता. बरगडी दोन महिन्यांत सांधली, पाय मात्र सुधारेना. चेंडू टाकणाऱ्या पिचरचा हात वर गेला रे गेला की पुढचा पाय आपोआप मागे पळायचा आणि बॅट नुसती हवेत फिरायची. तिने पायाला दम दिला, लाडीगोडी लावली, एकदा तर तो पलंगाला बांधून बॅट फिरवली. त्यात टेबलावरचा दिवा तेवढा फुटला.

"आली का लाजाळू?" पाठीमागे उकिडवी बसलेली बेकरी संघाची कॅचर म्हणाली. समोरच्या बॅटरचं डोकं खाणं हे ती आपलं कामच समजायची. "अंगावर येणार हं आता. पळ!"

पहिला चेंडू. पाय मागे. स्ट्राइक. दुसरा चेंडू. पुन्हा पाय मागे, पुन्हा स्ट्राइक. आणखी एक चुकला की ती बाद. दादाने कपाळावर हात मारून घेतला.

तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. कॅचरवर नाही, दादावरही नाही, स्वतःच्या पायावर. लागला तर लागला! तिने टाच मातीत रोवली.

तिसरा चेंडू खरंच अंगावर आला आणि थाडकन दंडावर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

छापखान्याच्या बाकावर एकच जल्लोष झाला. चेंडू लागला की पहिला बेस फुकट. सगळ्याजणी एकेक बेस पुढे सरकणार, एक धाव आत येणार.

"थांबा!" कॅचर किंचाळली. "हिने चुकवायचा प्रयत्नच केला नाही. असा बेस मिळत नाही, पुढचा चेंडू खेळावा लागतो!"

नियम तसाच होता. दादा धावत आला. "ही हलली नाही? अहो, वर्षभर ही दुसरं करतेय काय? अख्ख्या मैदानाला ठाऊक आहे!"

"तसूभरही हलली नाही! शपथेवर सांगते!" कॅचर म्हणाली.

पंच म्हणजे भूमितीचे निवृत्त शिक्षक. कॅचर आड आल्याने त्यांना तिचे पाय दिसलेच नव्हते. त्यांनी चष्मा पुसला आणि तिच्याकडे वळले. "तूच सांग बाई. चेंडू चुकवायला मागे सरलीस का?"

त्यांच्या पाठीमागे दादा जोरजोरात मान हलवत होता. हो म्हण, हो म्हण. एका शब्दात सामना जिंकता येत होता.

तिने दंड चोळत खाली पाहिलं. टाच होती तिथेच होती. इतका आनंद तिला वर्षभरात झाला नव्हता.

"नाही सर, मी हलले नाही," ती म्हणाली. "पुढचा टाकायला सांगा."