ओढ्यापासून हॉर्न

फकिराच्या पिकअपचं इंजिन असं खडखडायचं, की गाडी लांब ओढ्यापाशी असतानाच घरी कळायचं. काल नाशिकला झेंडू उतरवून त्याने गॅरेजमध्ये नवे पिस्टन टाकून घेतले, आणि गाडी दारात आली तरी घरात कुणाला पत्ता नाही.

खिडकीतून बघतो तर शुगर वाढलेले त्याचे वडील, केरूआप्पा, जिलेबी खातायत, आई आणखी एक वाढतेय आणि दोघं लहान पोरांसारखी खुदखुदतायत.

फकिराने गाडी गुपचूप ओढ्यापर्यंत मागे नेली आणि तिथून हॉर्न वाजवत पुन्हा घरी आला. आता आप्पांच्या हातात कारल्याच्या रसाचा पेला होता.



"लय कडू हाय रे हे," मिशीला लागलेला पाक पुसत आप्पा म्हणाले.