मास्टरांची कात्री

“फत्तेसिंग एक तारखेपासून येतोय,” गुंडूराव म्हणाले. “मारतहळ्ळीला मोठ्या दुकानात कापायचा. हात चांगला आहे म्हणतात.”

कौशल्या ब्लाउजला हूक लावत होती. सुई मध्येच थांबली.

“मामंजी, फत्तेसिंग कशाला? मी आहे की.”

गुंडूरावांनी कानामागची पेन्सिल उजव्या हाताने काढली आणि पावतीवर काहीतरी लिहायला घेतलं.

जे. पी. नगरातल्या त्या दुकानात कापड बेतायचे ते फक्त मास्टर, म्हणजे गुंडूराव. सुनेने हूक, काजं, फॉल बघायचं आणि गल्ला सांभाळायचा. इथल्या ब्लाउजचा मुंढा, म्हणजे बाही जोडायचं वळण, असा बसायचा की देवनहळ्ळीहून बायका बस बदलून यायच्या. पण मास्टरांना कापताना कुणी पाहिलं नव्हतं. आतल्या खोलीचं दार लागायचं. कॉफी घेऊन फक्त सुनंदाबाई आत जायच्या आणि काम होईपर्यंत नवऱ्याच्या सोबतीला बसायच्या. बाहेर कौशल्या गिऱ्हाइकांना सांगायची, “स्वल्प थांबा, मास्टर कापतायत.”

आता म्हणे मास्टर थकले होते. म्हणून फत्तेसिंग.

“लग्नाआधी मी अख्ख्या गल्लीचे ब्लाउज बेतलेत,” कौशल्या म्हणाली.

“गल्ली वेगळी. इथे बाईमाणूस मास्टर म्हणून उभं राहिलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल?” गुंडूरावांनी बायकोकडे पाहिलं. “काय गं?”

सुनंदाबाई डाव्या मनगटावरचा पट्टा घट्ट करत होत्या. “बायकांचं काम नव्हे ते. मनगट जातं. माझं तर नुसते नारळ खवून गेलं.”

“जाऊ दे गेलं तर. आत्याबाई, एकदा कापून दाखवते. नाही जमलं तर फत्तेसिंगची कॉफीही मीच करेन. मग तर झालं?”

सुनंदाबाईंनी तिचे हात निरखले.

“सरी, चालेल. पण ह्यांच्याच कात्रीने दाखवायचं.”

“अगं, ती कशाला...” गुंडूराव एकदम म्हणाले.

“ह्यांच्याच,” सुनंदाबाई म्हणाल्या. “दुपारी दुकान बंद असतं तेव्हा सरावाला घे. जुनी चादर देते.”

मास्टरांची कात्री काळी, लोखंडी, जड होती. पहिल्या दुपारी कापड कापलं जाण्याऐवजी दोन पात्यांच्या मध्ये दुमडलं. कौशल्याने जोर लावला. मुठीच्या कडेने अंगठ्याचं साल निघालं आणि चादर उंदराने कुरतडल्यासारखी दिसू लागली.

सुनंदाबाईंनी ती उचलून पाहिली. “ब्लाउज कुणासाठी, उंदरासाठी का?”

घरी नवरा संतोषकुमारही म्हणाला, “येऊ दे ना त्या फत्तेसिंगला. तुलाच आराम.”

“आराम मागितलाय कुणी?”

कात्रीला धार होती. बिजागरीही सैल नव्हती. तरी पाती एकमेकांपासून दूर का सरकतात, हे तिला कळेना. शेवटी तिने आपली रोजची छोटी कात्री शेजारी ठेवून दोन्ही निरखल्या. छोटीचं वरचं पातं उजव्या बाजूला होतं, मोठीचं डाव्या. तिने छोटी कात्री ट्रायल रूमच्या आरशासमोर धरली. आरशात दिसली ती हुबेहूब मास्टरांची कात्री.

चूक तिच्या हाताची नव्हती. कात्रीच डावखुऱ्यासाठी घडवलेली होती.

मामंजी लिहितात उजव्या हाताने, जेवतात उजव्या हाताने. लहानपणी मार देऊन त्यांना उजवा हात शिकवला असणार, आणि कापायला मात्र डावाच राहिला असणार. म्हणूनच ते दार लावून घेत असावेत. तिला त्यांची थोडी कीवच आली.

मग तिने डावा हात कामाला लावला. कांदा डाव्या हाताने चिरला, कुलपं डाव्या हाताने उघडली, वर्तमानपत्रावर मुंढ्याची वळणं काढून डाव्या हाताने कापली. बोट दोनदा कापलं. महिना संपत आला तसा कात्रीचा आवाज बदलला. आधी ती अडखळत चावायची, आता करकर न थांबता पुढे जायची.

शेवटच्या दिवशी आतल्या खोलीचं दार तिच्यासाठी उघडलं. टेबलावर हिरवं कापड होतं. तिने खडूने आखलं, कात्री डाव्या हातात घेतली आणि कापत गेली. गळा निघाला, पाठ निघाली. शेवटी मुंढा.

“डाव्या हाताने?” गुंडूराव म्हणाले.

“कात्री डावखुरी आहे, मामंजी. तुम्ही कधी बोलला नाहीत, पण त्यात लाजायचं काय?”

गुंडूराव कापडाकडे बघतच नव्हते. ते बायकोकडे बघत होते.

सुनंदाबाई पुढे झाल्या. कापलेल्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं आणि मुंढ्याशी थांबल्या.

“इथे घाबरलीस. वळणावर हात थांबवायचा नसतो.”

“फत्तेसिंगचं काय?” कौशल्याने विचारलं.

“त्याला येऊ नको म्हणून कळवा हो,” सुनंदाबाई नवऱ्याला म्हणाल्या. मग त्यांनी मनगटावरचा पट्टा सोडला आणि कौशल्याच्या हातातून कात्री घेतली. डाव्या हातात. त्यांचा अंगठा मुठीत असा बसला की मूठ त्याच्यावरच ओतलेली वाटावी. हिरव्या कापडाला त्यांनी एका दमात दुसरा मुंढा दिला, खडूची रेघ न आखता.

“तुम्ही आता बाहेर बसा,” मान वर न करता त्या गुंडूरावांना म्हणाल्या. “कुणी विचारलं तर सांगा, स्वल्प थांबा, आत दोन मास्टर कापतायत.”