शनिवारचा घास

व्हर्लिन कुचेराने पिझ्झाचा तुकडा हातात घेतला आणि त्याच्या बायकोने, जोलीनने, टीव्हीचा आवाज कमी केला.

"आवाज कशाला कमी केलास?" व्हर्लिनने विचारलं. घशाला रेडिएशन दिल्यापासून त्याचं बोलणं भरड दळणासारखं खरखरीत झालं होतं.

"तू ठसकलास तर ऐकू यायला हवं."

"मी तुझ्या शेजारी बसलोय, जोलीन."

तरी तिने आवाज वाढवला नाही. मैदानावर लाल शर्टातली पोरं, म्हणजे आपल्या कॉलेजची, पुन्हा मागे रेटली जात होती. ऑक्टोबरमधला शनिवार, टळटळीत दुपार. गावाबाहेरच्या रानांतला मका निघाला होता आणि गल्लीतल्या घराघरात अमेरिकन फुटबॉलचा हाच सामना लागलेला होता.

पिझ्झा जोलीनचा धाकटा भाऊ मार्व घेऊन आला होता. सोबत खोक्यातली लाल वाईन, तोटी दाबली की ग्लासात पडणारी. दुकानात अगदी खालच्या फळीवर असते ती.

"दाजी, सावकाश होऊ द्या," मार्व म्हणाला. "आपली टीमसुद्धा काही जागची हलत नाहीये."

सगळा उन्हाळा व्हर्लिनचं जेवण पोटात बसवलेल्या नळीतून गेलं होतं. नळी निघाल्यावर सूप, मग ओटची खीर, मग मऊ उकडलेलं अंडं. या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता मन होईल ते खा, फक्त लहान घास घ्या. वाईन हवीच असेल तर अर्धा ग्लास, त्याहून जास्त नको. गिळणं जमेल. चवीचं मात्र सांगता येत नाही. कुणाची परत येते, कुणाची येत नाही.

प्रत्येक जेवणाला जोलीन विचारायची, कसं लागतंय? आणि तो म्हणायचा, छान. लग्न झाल्यापासून तिच्या हातच्या एकाही पदार्थाला त्याने नुसतं 'छान' म्हटलं नव्हतं. मीठ कमी, आच जास्त, माझी आई यात बडीशेप घालायची, काहीतरी असायचंच. हे 'छान' ऐकलं की तिला कळायचं, चव अजून आलेली नाही.

त्याने टोकाचा घास तोडला. चावत राहिला. जोलीन टीव्हीकडे बघत नव्हती, त्याच्या गळ्याकडे बघत होती. मार्व टीव्हीकडे बघत होता, पण समोरच्या टीमने टचडाउन करून गुण मिळवले तरी त्याचं लक्ष दाजींच्या घासाकडेच होतं.

घास अडकला. व्हर्लिनच्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरला, डोळ्यांत पाणी आलं. जोलीन अर्धी उठली. त्याने एक बोट वर केलं, थांब. हनुवटी छातीला टेकवली, दवाखान्यात शिकवलं होतं तशी, आणि जोर लावून गिळलं.

"गेला," तो म्हणाला.

मार्वने सोडलेला श्वास खोलीभर ऐकू आला.

"कसा लागला?" जोलीनने विचारलं.

"छान."

"बरं." तिने मान वळवली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली.

व्हर्लिनने आणखी एक घास घेतला आणि तो खाली जावा म्हणून वाईनचा घोट घेतला. त्याचा चेहरा आक्रसला. त्याने ग्लास उजेडात धरला, पुन्हा एक घोट घेतला.

"मार्व, ही कुठून उचलून आणलीस?"

"का, काय झालं?"

"आंबटढाण आहे. प्यायची आहे की लोणच्यात घालायची?"

मार्व ओशाळला. "स्वस्तातली आहे, दाजी. म्हटलं तुम्हाला तसंही..." पुढचं त्याने गिळलं.

जोलीनने खिडकीवरून नजर वळवली. "काय म्हणालास?"

"आंबट. आंबट आहे म्हटलं—"

आणि तो थांबला. आपण काय बोललो ते त्यालाही आता ऐकू आलं होतं. त्याने जीभ ओठांवरून फिरवली, वरच्या दातांवरून फिरवली. मग पिझ्झा उचलून नुसत्या सॉसला जीभ लावली. दोघं त्याच्याकडे बघत बसली.

"टोमॅटो," तो म्हणाला. "जरासा. कडेकडेने येतोय. बाकी अजून पुठ्ठाच आहे."

जोलीनने तोंडावर हात ठेवला. तिचे खांदे हलत होते. मार्वला काही वेगळंच वाटलं, तो जागेवरून उठला.

"ताई, बदलून आणू का? दुकान उघडं असेल."

"त्या खोक्याला हात तर लाव," जोलीन म्हणाली. तिने स्वतःचा ग्लास भरला, घोट घेतला आणि डोळे घट्ट मिटले. "बाई गं. खरंच आंबट आहे."

"मग मी काय सांगतोय?" व्हर्लिन म्हणाला.

मैदानावर लाल शर्टातल्या एकाच्या हातून चेंडू निसटला आणि चार जण त्याच्यावर पडले. व्हर्लिनला आता कंठ फुटला होता. हा कोच कुणी नेमला, म्हणाला. याच्यापेक्षा आमच्या शाळेच्या बसचा ड्रायव्हर बरा. ह्या पिझ्झाची कड करपवलीय, चीज घालताना हात आखडलाय, आणि मार्व, तुझी ही वाईन पाजली तर घोडासुद्धा लाथ मारेल.

तो बोलत राहिला. जोलीन मांडीवर हात जोडून, रविवारी चर्चच्या बाकावर बसावं तशी, एकेक तक्रार कान देऊन ऐकत होती.