जिन्याचं वळण

शवपेटीच्या आतून धप्प असा आवाज आला आणि जिन्यातले सगळे जागच्या जागी थिजले.

"सोडू नका! हलवूही नका!" खांदेकऱ्यांचा म्होरक्या ओरडला. पेटी वळणात तिरकी अडकली होती. दोघे जण तिच्याखाली सापडले होते आणि त्यांच्या उंच काळ्या टोप्या केव्हाच गडगडत तळमजल्याला गेल्या होत्या.

"पडला हो," वरून मृताची बायको डीना म्हणाली. "माझा हार्म आत पडला." एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

एव्हर्ट रोलिंक चार पायऱ्या खाली पुष्पचक्र धरून उभा होता. ट्राम चालवणारा हार्म घरबांधणी संस्थेचा चिटणीस होता, म्हणून संस्थेने ते आर्किटेक्टच्याच हाती पाठवलं होतं. इमारतीचा नकाशा एव्हर्टचा, जिना एव्हर्टचा. कामगारांनाही अशी घरं मिळू शकतात, हे बघायला परदेशातून माणसं येत. आत्ता मात्र त्याने मान वर करून म्होरक्याला विचारलं:

"वर नेलीत ना ही? मग खाली का येत नाही?"

"रिकामी होती तेव्हा उभी करून नेली, साहेब," म्होरक्या म्हणाला. "आता आत माणूस आहे. जरा उभी केली की घसरतो. ऐकलंत ना?"

"मग खिडकीतून..."

"दोर कशाला बांधू? तुमच्या हॅटला?"

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. आम्सटरडॅममध्ये पडायला झालेल्या घरालासुद्धा छपराखाली आकडा लावलेली तुळई असते. पलंग, कपाटं, पियानो, सगळं तिच्यावरून दोराने चढतं आणि उतरतं. एव्हर्टने ती काढून टाकली होती. नव्या सपाट भिंतीला हे कुबड कशाला? जिन्यातून वाचवलेली वीत न् वीत त्याने स्वयंपाकघराला दिली होती, मुलांच्या खोलीला दिली होती. त्याने पाळणा मोजला होता, इस्त्रीचं टेबल मोजलं होतं, शेगडीजवळ उभ्या बाईचा हात नळापर्यंत पोचतो का तेही मोजलं होतं. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं नकाशे काढले, आणि एकदाही नाही!

डीना दोन पायऱ्या उतरून आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"साहेब, आम्ही राहायला आलो तेव्हा माझ्या आईचं कपाट ह्या वळणातून येईना. तुम्ही म्हणालात, विकून टाका बाई, भिंतीत कपाटं करून दिलीयत. मी विकलं." तिने पेटीवर हात ठेवला. "आता ह्याचं काय करू, ते सांगा."

एव्हर्ट पुष्पचक्राची पानं सारखी करत राहिला.

"अगं, चादरीत घालून न्या त्याला!" दुसऱ्या मजल्यावरून बेप मावशीने आवाज दिला. मावशी अंगाने दारभर होती आणि इमारतीत कोणाचंही काम तिच्या सल्ल्याशिवाय होत नसे. "पेटी रिकामी उतरवा, मग खाली घाला परत. दुसरं काय करणार?"

दुसरं काहीच करण्यासारखं नव्हतं. पेटी मागे ओढून पुन्हा घरात नेली. झाकणाचे स्क्रू काढले. हार्म कुशीवर वळून, गुडघे दुमडून पडला होता आणि त्याचा नीट विंचरलेला भांग विस्कटला होता. डीनाने तो आधी सारखा केला, मगच हात लावू दिला.

"पाय मी धरतो," पुष्पचक्र बाजूला ठेवून एव्हर्ट म्हणाला. कोणी नको म्हटलं नाही.

उतरताना त्याला पायऱ्या दिसत नव्हत्या. छातीशी धरलेली पावलं दिसत होती, लोकरी मोज्यांतली, टाचेला रफू केलेली. वळणात त्याची स्वतःची पाठ भिंतीला घासली. वर हार्मचं कोपर गिलाव्यावर आपटलं. "सावकाश!" डीना किंचाळली. मग तिने त्याची बाही चुन्याने पांढरी झालेली बघितली आणि मागून चालता चालता ती झटकत राहिली. खाली पोचेपर्यंत झटकत राहिली. एव्हर्टला वाटलं, ह्या बाईने आपल्या मुस्काटात एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं.

तळमजल्याच्या बोळात हार्मला पुन्हा पेटीत निजवलं. दाराशी घोडे खूर आपटत होते. एव्हर्ट पुष्पचक्र आणायला परत वर गेला, आणि वळणात बेप मावशी उभी दिसली.

ती उतरत नव्हती, चढतही नव्हती. दोन्ही हात छातीवर घडी घालून, पाय जुळवून, डोळे मिटून ती नुसती उभी होती. तिची दोन्ही कोपरं दोन्हीकडच्या भिंतींना टेकली होती. चाहूल लागताच तिने डोळे उघडले. एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारी बाई, पण तिचा आवाज आता अगदी खाली आला होता.

"साहेब, हार्म तर काडी होता. माझं हृदय थकलंय, डॉक्टरने सांगितलंय. चादरीत मला चार जणांच्यानेही उचलवणार नाही." तिने कोपर भिंतीवर टेकवून दाखवलं. "मला कुठून काढणार?"

एव्हर्टने वर पाहिलं. प्रत्येक मजल्यावरची दारं उघडी होती, आणि कठड्यावरून वाकलेली माणसं त्याच्या उत्तराची वाट बघत होती.