मुशीच्या रक्तवाहिन्या

"सर, हीसुद्धा फुटली," पुढच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली.

ट्रेमध्ये उताणी ठेवलेल्या मुशीच्या, त्या लहानशा शार्कच्या, गळ्यापाशी रक्त पसरलं. हृदयातून कल्ल्यांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या पाचही जोड्या न फोडता मोकळ्या करायच्या आणि त्यांच्याखाली काळा कागद सरकवायचा, असं प्रात्यक्षिक होतं. आगाशे सरांना दोनही साधल्या नव्हत्या.

"राहू द्या सर, लॅबचे तांडेलमामा जाऊन आठवडाच झालाय," मागून एकजण म्हणाला. "तुमचं मन कसं लागेल? मागच्या वर्षीची तुमची मुशी बघायला तर दुसऱ्या कॉलेजची मुलं आली होती."

मान डोलावली असती तर तिथेच निभावलं असतं. सरांनी चिमटा खाली ठेवला.

"ती मी केली नव्हती. बारा वर्षं झाली, माझा हात कापतो. पहाटे येऊन मामाच सगळं करून ठेवायचे आणि वर्ग भरायच्या आत दाराशी जाऊन उभे राहायचे."

सरांनी रक्ताळलेला ट्रे बाजूला सरकवला.

"आणि काल शोकसभेत मी काय बोललो? मामा ट्रे फार स्वच्छ धुवायचे."